सकाळी बेल्टची चिवचिव. आठ महिन्यांपूर्वीच नवीन टाकलाय. नेमकं काय बघू?

अबोली:

नमस्कार मंडळी. गाडी नऊ वर्षं जुनी, १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ८४,००० किलोमीटर झालेत. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की बोनेटखालून चिव-चिव-चिव असा आवाज येतो, अगदी ठेक्यात. अॅक्सिलरेटर दिला की तो इंजिनाच्या आवाजात विरून जातो, सिग्नलला थांबले की परत ऐकू येतो. हवा दमट असली की जास्त. एसी लावल्याने फारसा फरक पडत नाही.

गोंधळ असा की हा बेल्ट आठ महिन्यांपूर्वीच बदललाय. तेव्हा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) काढून दुरुस्त केला होता, आणि बेल्ट जुना झालाय म्हणून सोबत तोही नवीन टाकला. दोन महिने शांतता होती, मग हा आवाज सुरू झाला. परत घेऊन गेले तर बेल्टवर कसलासा स्प्रे मारून दिला. आठवडाभर गप्प, नंतर आधीपेक्षा मोठ्याने. आता सांगतायत की बेल्टच खराब निघाला, दुसरा टाकू.

दुसरा टाकायला माझी हरकत नाही. पण आठ महिन्यांत बेल्ट खराब कसा होतो, हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून मला स्वतः बघायचंय. तेल, फिल्टर, प्लग मी घरीच बदलते, त्यामुळे पाने हातात धरायची सवय आहे. बेल्टला मात्र कधी हात लावलेला नाही. बेल्ट तपासताना नक्की काय बघायचं? आवाज बेल्टचाच आहे हे कसं ओळखायचं? आणि बदलायची वेळ आलीच तर हे काम माझ्यासारखीला जमण्यातलं आहे का?

एकच लांब पट्टा आहे, आतल्या बाजूने उभ्या रेघांचा. ताण आपोआप धरणारा टेन्शनर आहे. स्टीअरिंग विजेवरचं आहे, त्यामुळे त्याचा पंप नाही.


रानवाट:

फॅन बेल्ट आहे तो. अजिबात थांबू नका, उद्याच बदला. तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि सगळं इंजिन उघडावं लागतं. माझ्या ओळखीत झालंय असं.


जुनापाना:

रानवाट, तुम्ही सांगताय ते टायमिंग बेल्टबद्दल. तो वेगळा असतो: दातेरी, झाकणाच्या आत, क्रँक (पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारा. अबोलीताई विचारतायत तो बाहेरून दिसणारा पट्टा. क्रँकच्या पुलीवरून फिरून तो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि बहुतेक गाड्यांत वॉटर पंप चालवतो. पूर्वी हाच पट्टा रेडिएटरचा पंखा फिरवायचा, म्हणून फॅन बेल्ट हे नाव टिकून राहिलं. आता पंखा विजेच्या मोटरवर असतो. दोन्ही बेल्टची गल्लत झाली की नको तो खर्च होतो किंवा नको तितका उशीर होतो, म्हणून हे आधी सांगितलं.

ताई, मी २२ वर्षं वर्कशॉपमध्ये काढलीत आणि तुमच्यासारखी तक्रार किती वेळा ऐकली याची गणती नाही. तुम्ही प्रश्न बरोबर विचारलाय. चांगला बेल्ट आठ महिन्यांत आपण होऊन बिघडत नाही. त्याला कुणीतरी बिघडवतं, आणि कोण बिघडवतंय हे त्याच्या अंगावर उमटलेलं असतं. म्हणून आवाज येतो म्हटल्यावर लगेच बेल्ट काढून फेकणं मला पटत नाही. माझ्या उमेदीच्या काळात एका गाडीचा बेल्ट मी दोन वर्षांत तीनदा बदलला. दर वेळी मालक समाधानाने जायचे, काही महिन्यांनी परत यायचे. चौथ्या वेळी माझ्या वरिष्ठांनी मला बाजूला सारलं, इंजिन सुरू ठेवलं आणि नुसती क्रँक पुली बघायला लावली. पुलीची बाहेरची कडी थोडी डुलत होती. या पुलीत मधला हब आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबराचा थर असतो, क्रँकचे हिसके गिळायला. तो सुटला होता. तीन बेल्ट मी उगाच बदलले होते. त्या माणसाला मी ते सांगितलं, पण त्याचे पैसे गेले ते गेलेच. ती गोष्ट मनातून जात नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आता तुमचं काम. इंजिन पूर्ण थंड, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी. हाताशी चांगला टॉर्च आणि फोन. फोन यासाठी की बेल्टची रेघांची बाजू डोळ्यांना दिसत नाही, कॅमेरा मात्र फटीत घालता येतो. बेल्टचा एक तुकडा बघून झाला की क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने थोडं फिरवा, म्हणजे पुढचा तुकडा समोर येईल. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला हवा. प्लग काढले तर हाताला हलकं जाईल. असं करत पूर्ण बेल्ट बघा. समोर दिसणारा वीतभर भाग ठीक असला म्हणून सगळा ठीक, असं धरून चालू नका.

काय शोधायचं? बहुतेक लोक भेगा शोधतात. जुने बेल्ट निओप्रीनचे असायचे, ते उन्हातान्हात आणि गरमीत कडक होऊन तडकायचे. एका रेघेवर तीन इंचांत तीनपेक्षा जास्त आडव्या भेगा दिसल्या की बदला, असा ठोकताळा होता. गेल्या वीसेक वर्षांतले बहुतेक बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर सहसा तडकत नाही, टायरसारखं झिजतं. रेघा बारीक होतात, मधल्या खाचा रुंद होतात, आणि बेल्ट पुलीच्या खाचेत जास्त खोल बसायला लागतो. शेवटी रेघेचं टोक पुलीच्या खाचेच्या तळाला टेकतं आणि बाजूंची पकड जाते. दिसायला काळाकुळकुळीत, भेग एकही नाही, तरी घसरतो. म्हणून नवीन बेल्ट शेजारी धरून खाचांची रुंदी ताडून बघावी. प्लास्टिकचं छोटं मापही मिळतं, खाचेत ठेवून बोट फिरवायचं. माप रेघांच्या वर जाणवलं तर बेल्ट ठीक, रेघांच्या पातळीत किंवा खाली बसलं तर बेल्ट संपलेला.

भेगा आणि झीज सोडून आणखी काही खुणा सांगतो. रेघांच्या बाजू काचेसारख्या चकाकत असतील तर बेल्ट घसरून तापलाय. रबर मऊ, फुगल्यासारखं, चिकट लागलं तर तेल पोचलंय. मग आधी वरच्या कव्हरचं गॅस्केट आणि क्रँकचं पुढचं सील बघायचं, नाहीतर नवीन बेल्टचीही तीच गत. पांढरट किंवा रंगीत सुकलेला डाग वॉटर पंपाच्या आसपास असेल तर कूलंट गळतंय. खाचांमध्ये रबराचे मळासारखे गोळे साचले असतील तर बहुधा ताण कमी किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. आणि बेल्टची एकच कड उसवून दोरे लोंबत असतील, तर कुठली तरी पुली तिरकी किंवा पुढे-मागे आहे. ही शेवटची खूण तुमच्या बाबतीत मला जास्त शोधावीशी वाटते. का, ते पुढे सांगतो.

आवाजाचं सांगायचं तर दोन आवाज वेगळे ओळखा. एक लांबलचक किंकाळी, सुरू करताना किंवा एसी, दिवे, काचांचा हीटर असा भार पडला की येणारी. ती घसरणाऱ्या बेल्टची, म्हणजे ताणाची तक्रार. दुसरा चिवचिव, ठेक्यात, कमी वेगावर स्पष्ट, दमट हवेत जास्त. तो बहुधा पुल्यांच्या रेषेचा. तुमचं वर्णन दुसऱ्यात बसतं, पण वर्णनावर निकाल देत नाही. पाण्याची परीक्षा करा. बॅटरी जोडा, इंजिन सुरू करून तसंच चालू द्या. साध्या पाण्याच्या फवारणीच्या बाटलीने लांबून, बेल्टच्या रेघांच्या बाजूवर दोनच फवारे. केस बांधलेले, ओढणी काढलेली, बाह्या वर. आवाज क्षणभर पूर्ण थांबून काही सेकंदांनी परत आला, तर पुल्या रेषेत नाहीत. पाणी पडताच आवाज वाढला किंवा किंचाळायला लागला, तर ताण कमी आहे. काहीच फरक पडला नाही, तर आवाज बेल्टचा नसून एखाद्या बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त.

तो स्प्रे मात्र परत मारू देऊ नका. रेघांच्या बेल्टला चिकटपणा बाहेरून द्यायचा नसतो. स्प्रेने धूळ धरते, रबर खराब होतं आणि मुख्य म्हणजे खूण पुसली जाते. आवाज हीच तुमच्याकडे असलेली एकुलती एक माहिती, तीच आठवडाभर गप्प केली गेली.

अल्टरनेटर काढून परत बसवल्यावर हे सुरू झालं, ही तुमच्या पोस्टमधली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. परीक्षा करून कळवा.


सांजवात:

जुनापाना यांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त एक अनुभव जोडते, कारण दुर्लक्ष केलं तर काय होतं ते मी पाहिलंय. माझा बेल्ट चालत्या गाडीत तुटला. धाडकन आवाज, मग डॅशबोर्डवर लाल बॅटरीचा दिवा. माझं स्टीअरिंग तेलावरचं होतं, ते एकदम दगडासारखं जड झालं. मला वाटलं बॅटरीचाच काहीतरी प्रश्न, घर जवळ आहे, पोचू. पण त्याच बेल्टवर वॉटर पंपही होता. तापमानाचा काटा चढतोय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तो वरच्या लाल रेघेपाशी होता. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं.

म्हणून कळकळीने सांगते, तो दिवा लागला की बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा. अर्धा किलोमीटरही पुढे जाऊ नका.


अबोली:

सगळ्यांचे आभार. सांजवात, हे वाचून पोटात गोळा आला. दिव्याचं लक्षात ठेवीन.

जुनापाना दादा, आज सुट्टी होती, दोन तास दिले. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिते.

पाणी: पहिल्या फवाऱ्याला आवाज एकदम थांबला. मी मनात आकडे मोजले, सहा-सात म्हणेपर्यंत परत सुरू. तीनदा केलं, तीनदा तेच.

बेल्ट: पूर्ण फिरवून ३१ फोटो काढले. भेग एकही नाही. चकाकी थोडी. पण इंजिनापासून लांबची, म्हणजे बाहेरची कड जवळजवळ सगळीकडे उसवलीय, दोन ठिकाणी बोटभर लांब दोरे सुटलेत. आतली कड नव्यासारखी. सगळ्यात बाहेरची रेघ बाकीच्या पाचांपेक्षा बारीक दिसते. पाठीवर छापलेला क्रमांक ६पीके ने सुरू होतो आणि पुढचा आकडा मॅन्युअलमध्ये दिलाय तोच आहे.

तेल, कूलंट कुठेच नाही. टेन्शनरच्या अंगावर खुणेची रेघ आहे, काटा दोन मर्यादांच्या मध्ये येतो, म्हणजे ताण ठीक असावा. पण इंजिन चालू असताना टेन्शनरचा दांडा सतत थरथरतो. ते नॉर्मल आहे का?


जुनापाना:

ताई, इतकी नीट पाहणी पगार घेणारे लोक करत नाहीत, मनापासून सांगतो. बेल्टने तुम्हाला अर्ध्याहून अधिक उत्तर दिलेलंच आहे. पाण्याने थांबून परत येणारा आवाज, एकच कड उसवलेली, त्याच बाजूची रेघ झिजलेली. एखादी पुली बाकीच्यांच्या रेषेत नाही.

सहा रेघांच्या पट्ट्यात एका रेघेपासून दुसरीपर्यंतचं अंतर ३.५६ मिलिमीटर असतं, आणि पूर्ण पट्टा २१ मिलिमीटरच्या आसपास. आपण डोळ्यांनी 'जवळपास सरळ' म्हणतो तेवढं या मापात चालत नाही. दोन पुल्यांमध्ये फूटभर अंतर असेल तर दीड मिलिमीटरची चूकही पट्ट्याला जास्त होते. दर फेरीला रेघ खाचेत शिरताना खाचेच्या भिंतीवर घासत उतरते, तीच तुमची चिवचिव. मिनिटाला कित्येक शे वेळा हे होत असतं, मग कड उसवणारच. पाण्याने घर्षण कमी होतं म्हणून आवाज थांबतो, पाणी उडालं की परत येतो.

आता बेल्ट उतरवा आणि एक सरळ पट्टी घ्या, लोखंडी फूटपट्टी किंवा अॅल्युमिनियमची कडक पट्टी, दोन पुल्यांवर टेकेल एवढी लांब. क्रँक पुलीच्या तोंडावर सपाट धरून ती अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत न्या. पुल्यांच्या कडा सारख्या जाडीच्या नसतात, त्यामुळे कड बघण्यापेक्षा पहिल्या खाचेची जागा मोजा. क्रँक, कॉम्प्रेसर आणि अल्टरनेटर या तिघांच्या खाचा एका रेषेत यायला हव्यात. वॉटर पंप बऱ्याच इंजिनांत बेल्टच्या सपाट पाठीवर चालतो, तिथे खाचा नसतात. तिथे पट्टा पुलीच्या मध्यावर आहे एवढंच बघा.

बेल्ट उतरलेला असेल तेव्हा प्रत्येक पुली हाताने फिरवा. गुळगुळीत आणि जवळजवळ आवाजाविना फिरायला हवी. खरखर लागली, अडखळली किंवा वर-खाली हलली तर ते बेअरिंग गेलंय. मोकळी फिरणारी आयडलर पुली हाताने फिरवून सोडल्यावर भिंगरीसारखी खूप वेळ फिरत राहिली, तर तेही वाईट, आतलं ग्रीस सुकलंय. अल्टरनेटरची पुली काही गाड्यांत एकाच दिशेने मोकळी सुटणारी असते, तिच्यावर बहुधा प्लास्टिकची टोपी असते. तशी असेल तर एका दिशेला पकडते, दुसऱ्या दिशेला सुटते. दोन्हीकडे जाम झाली असेल तर टेन्शनर अगदी तसाच थरथरतो जसा तुम्ही लिहिलाय. दांडा थोडा हलणं त्याचं कामच आहे, सतत मोठ्याने थरथरणं बरं नाही. टेन्शनरचा दांडा पान्याने सावकाश पूर्ण ओढून सावकाश सोडा. वाटेत अडकला, हिसक्याने आला, किंवा पुली दांड्यावर वाकडी दिसली, तर टेन्शनरही बदला. टेन्शनर स्वतःच वाकला असेल तरी कड अशीच उसवते, म्हणून पट्टी लावण्याआधी अल्टरनेटरवर ठपका ठेवत नाही.

एक सूचना कधीच विसरू नका: टेन्शनर ओढून धरलेला असताना बोटं बेल्ट आणि पुलीच्या मध्ये घालू नका. पाना सटकला तर स्प्रिंग दयामाया करत नाही.


कडाकपारी:

मध्येच विचारतो, माझ्याकडे जुनी गाडी आहे, तिला आपोआप ताण धरणारा टेन्शनर नाही, अल्टरनेटरच पानं लावून ओढावा लागतो. त्यात ताण किती ठेवायचा? मी अंदाजाने ठेवतो आणि दर वेळी धाकधूक असते.


जुनापाना:

कडाकपारी, तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच खरा. साधारण पद्धत अशी असते की दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने सुमारे १० किलोचा दाब द्यायचा आणि पट्टा किती दबतो ते बघायचं. बऱ्याच जुन्या गाड्यांत ते माप १० मिलिमीटरच्या आसपास येतं. अल्टरनेटर ओढताना पहार त्याच्या अॅल्युमिनियमच्या पाठीवर टेकवू नका, तडा जातो. बोल्ट ज्यातून जातो त्या जाड कानावर टेकवा. आणि सैल बेल्ट निदान ओरडून सांगतो, पण गरजेपेक्षा ताणलेला बेल्ट मुकाट्याने अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. मी जास्त नुकसान त्याच चुकीने झालेलं बघितलंय. नवीन बेल्ट असेल तर पाच-दहा मिनिटं इंजिन चालवून, थंड झाल्यावर परत तपासा. सुरुवातीलाच तो थोडा सैल पडतो.

काही नव्या गाड्यांत टेन्शनर नसतो आणि ओढायला स्क्रूही नसतो, बेल्टच लवचिक असतो. तो स्क्रूड्रायव्हरने उचकटून बसवू नये. जुना कापून काढतात आणि नवा चढवायला वेगळी पट्टीवजा हत्यारं येतात. तुमची गाडी तशी दिसत नाही, पण वाचणाऱ्या कुणाची असू शकेल.


अबोली:

सापडलं! चार दिवस लागले कारण उजवं चाक आणि त्यामागचा प्लास्टिकचा पडदा काढल्याशिवाय खालची पुली नीट दिसतच नव्हती, आणि मला गाडी जॅकवर एकटीने सोडायची नव्हती. गाडी टेकवायच्या घोड्या मागून आणल्या, मग हात घातला.

आधी बेल्ट कसा फिरतो त्याचा बोनेटखालच्या स्टिकरचा फोटो काढला, शिवाय कागदावर चित्र काढलं. फोटोपेक्षा चित्राचा जास्त उपयोग झाला, कारण चित्र काढताना कळलं की रेघांची बाजू नेहमी खाचांच्या पुलीवर आणि सपाट पाठ गुळगुळीत पुलीवर. हे एकदा डोक्यात बसलं की चुकायला जागा राहत नाही.

टेन्शनरवर १५ चा पाना लागला. लांब दांड्याचा रॅचेट घेतल्यामुळे फार जोर लागला नाही. वरच्या गुळगुळीत पुलीवरून बेल्ट सरकवला आणि टेन्शनर हळूहळू परत येऊ दिला. दांडा पूर्ण वाटेत कुठेच अडकत नाही. पुली सरळ आहे, पण हाताने फिरवली तर बारीक खरखर आहे. बाकीच्या पुल्या ठीक. अल्टरनेटरची पुली साधी आहे, मोकळी सुटणारी नाही.

मग पट्टी लावली. क्रँक आणि कॉम्प्रेसर एका रेषेत. अल्टरनेटरची पहिली खाच त्यांच्यापेक्षा बाहेर! कॅलिपरने मोजलं तर अडीच मिलिमीटर. मला विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या बाजूने मोजलं, तेच. टॉर्च घेऊन अल्टरनेटरचे बोल्ट बघितले, तर खालच्या बोल्टवर अल्टरनेटरचा पुढचा कान आणि इंजिनाचा ब्रॅकेट यांच्यामध्ये एक वॉशर. वरच्या बोल्टवरही तसाच. बोल्ट काढून वॉशर बाहेर घेतले: अडीच मिलिमीटर जाडीचे, दोन्ही सारखे. मॅन्युअलच्या चित्रात तिथे वॉशर नाहीच.

सहा महिने मी त्या दोन वॉशरांसाठी आवाज ऐकत होते. राग आला, खरं सांगते. बेल्ट खराब निघाला हे वाक्य मला दोनदा ऐकवलं गेलं होतं.

वॉशर काढून अल्टरनेटर तसाच जागेवर लावला तर पट्टी तिन्ही पुल्यांवर सपाट बसते. आता प्रश्न: उसवलेला बेल्ट तसाच वापरू का? अजून भेग नाही. आणि टेन्शनरची खरखर ऐकू का, सोडू?


जुनापाना:

ताई, मला तुमचा मेसेज वाचून फार आनंद झाला. वॉशर का घातले असतील याचा अंदाज करता येतो. बऱ्याच अल्टरनेटरांच्या मागच्या कानात सरकणारी बुशिंग, म्हणजे धातूची छोटी नळी, असते. बोल्ट आवळला की ती ब्रॅकेटला घट्ट धरते. अल्टरनेटर परत बसवताना ती आत ठोकून मागे घ्यावी लागते, नाहीतर अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये जातच नाही. आणि जास्त मागे गेली तर मग फट राहते. ती फट दिसली की घाईत कुणीतरी वॉशरने भरतो. पण पुढचा कान ब्रॅकेटला थेट टेकलाच पाहिजे, कारण पुलीची जागा तोच ठरवतो. तुमच्या मागच्या बुशिंगकडे एकदा बघून घ्या, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा.

बेल्ट बदलाच. भेग नाही हे खरं, पण तुटलेले दोरे म्हणजे पट्ट्याची ताकदच आहे, रबर नुसतं पकडीसाठी असतं. लोंबणारा दोरा पुलीभोवती गुंडाळला गेला तर पट्टा उतरतो. आणि काही इंजिनांत असे तुकडे क्रँक पुलीमागून टायमिंगच्या झाकणात शिरून टायमिंग बेल्टवर चढलेले मी स्वतः काढलेत. रानवाट यांची भीती पूर्ण चुकीची नव्हती, ती अशा वाटेने खरी ठरते.

टेन्शनरही बदला. तो आणि बेल्ट बरोबरीने म्हातारे होतात, आणि तुमचा टेन्शनर पहिल्या दिवसापासूनचा आहे, ८४,००० किलोमीटरचा. आता आवाज बारीक आहे म्हणजे बेअरिंग सुरुवातीच्या टप्प्यात आहे, ते जाम झालं तर नवा बेल्ट एका मिनिटात जळेल.

नवीन बेल्ट घेताना जुन्यावरचा क्रमांक नुसता वाचू नका, मॅन्युअलशी पडताळा. जुना आधीच चुकीचा असू शकतो. ६पीके म्हणजे सहा रेघा आणि पुढचा आकडा लांबी मिलिमीटरमध्ये. थोडी लांबी चुकली तर बेल्ट बसेल, पण टेन्शनरचा काटा मर्यादेबाहेर जाईल. बेल्ट घड्या घालून, पिळून किंवा उलटा करून ठेवू नका, आतले दोरे दुखावतात. बसवण्याआधी पुल्यांच्या खाचा कोरड्या ब्रशने साफ करा, स्प्रेचा चिकटा असेल तर ब्रेक क्लीनर कपड्यावर घेऊन पुसा. बेल्टवर काही लावू नका.

चढवल्यावर एकेका पुलीवर बोट फिरवून बघा, एखादी रेघ बाहेर लोंबत नाही ना. एका खाचेने बाजूला बसलेला बेल्ट बघायला अगदी बरोबर दिसतो आणि सुरू केल्यावर फाटतो. मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, परत बघा, आणि त्यानंतरच किल्ली.


अबोली:

झालं. बेल्ट, टेन्शनर दोन्ही नवीन. मागची बुशिंग तुम्ही म्हणालात तशीच होती, जास्तच आत ठोकलेली. ती थोडी बाहेर घेतली, मग वॉशरशिवाय अल्टरनेटर नीट बसला आणि फटही राहिली नाही.

बेल्ट चढवताना पहिल्या वेळी चूक केलीच. कॉम्प्रेसरच्या पुलीवर तो एका खाचेने बाहेर बसला होता, दिसत नव्हता, बोटाला लागला. बोट फिरवायला सांगितलं नसतं तर तशीच सुरू केली असती. परत सोडवून बसवला. शेवटी तो गुळगुळीत पुलीवरूनच सरकवावा लागतो हेही कळलं, खाचांच्या पुलीवर ढकलायला गेले तर रेघा अडतात. दोन फेरे हाताने, बॅटरीची तार, मग किल्ली.

आज तिसरी सकाळ, बाहेर चांगलीच दमट हवा. पाण्याचे फवारेही मारून बघितले. कशालाच आवाज नाही. नुसता इंजिनाचा. टेन्शनरचा दांडा जवळजवळ स्थिर.

ते दोन वॉशर आणि जुना बेल्ट घेऊन उद्या त्या लोकांकडे जाणार आहे. भांडायला नाही, पुढच्या गाडीत घालू नयेत म्हणून दाखवायला.


जुनापाना:

नक्की दाखवा, आणि बुशिंगचा फोटो असेल तर तोही न्या. त्यातलं कुणी तरुण असेल तर त्याला आयुष्यभर लक्षात राहील.

हजारेक किलोमीटर झाले की एकदा टॉर्च लावून बाहेरची कड तेवढी बघा.